धाकट्या मामंजींचं ऊन

जुन्या जालन्यात सूर्याशी घरोब्याचे संबंध असलेला माणूस एकच होता, आणि माझ्या नशिबाने तो माझा चुलत सासरा होता. बाकीचं गाव सूर्याला सकाळी हात जोडी, तांब्याभर पाणी सोडी आणि मग दिवसभर त्याच्यापासून तोंड लपवून सावलीत बसे. धाकटे मामंजी असल्या नमस्काराच्या भानगडीत पडत नसत. सकाळी ते दारात येऊन कपाळावर आडवा हात धरत आणि उशिरा कामावर आलेल्या शिपायाकडे हेडकारकुनाने बघावं तसे सूर्याकडे बघत. ढग असले तर "आज साहेब गैरहाजर" एवढं बोलून आत येत आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नसत. माणसाचे यच्चयावत आजार सावलीत जन्मतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उचकी, खरूज, दातदुखी, पोरांचं गणितात नापास होणं आणि नवराबायकोची भांडणं, सगळ्यांवर त्यांच्याकडे एकच औषध होतं. त्याला ते ऊन म्हणत नसत. हैदराबादी सवयीप्रमाणे 'धूप' म्हणत.

त्यांची सगळी नोकरी हैदराबादला निजामाच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून झाली. पोलीस ॲक्शननंतर ते पेन्शन घेऊन एक लोखंडी ट्रंक आणि एक आरामखुर्ची बरोबर घेऊन आमच्याकडे राहायला आले. त्यांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. माझे सख्खे सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात माणसं मोजकी: सासूबाई, तहसील कचेरीत कारकून असलेले आमचे 'हे', आणि ओसरीवरच्या खोलीत धाकटे मामंजी. राज्य अर्थातच सासूबाईंचं होतं. मामंजी नात्याने त्यांचे धाकटे दीर. त्यामुळे दोघांना एकमेकांचा अपमान करायची पूर्ण मोकळीक होती आणि ती त्यांनी कधी वाया घालवली नाही.

मला बघायला परतूरला जी मंडळी आली होती, त्यात मामंजी होते. बाकीच्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, स्वयंपाक येतो का, गाणं येतं का. मामंजींची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा पुसला आणि म्हणाले, "बेटी, पाटावरून हात न टेकता ऊठ." मला वाटलं ही यांच्याकडची काही रीत असेल. मी उठले. "आता बस. पुन्हा ऊठ." मी पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा माझे वडील लालबुंद झाले होते. मामंजी शांतपणे म्हणाले, "हड्डी बराबर आहे. पसंत." आमच्याकडची मंडळी पुढे कित्येक दिवस विचारत होती, की मुलगी सून म्हणून नेलीत का बैल म्हणून.

त्यांची आरामखुर्ची ही गल्लीतली एक संस्था होती. थंडीच्या दिवसांत सकाळी ती भुसार दुकानासमोर असे, तिथलं ऊन सरकलं की पिठाच्या गिरणीजवळ आणि दुपारी कापडवाल्याच्या दारात. गल्लीत फारशा घरी घड्याळ नव्हतं, आणि माझं ऐकून सगळी गल्ली त्यांना मामंजीच म्हणे. "मामंजी कापडवाल्याकडे आले, पानं घ्या," असं बायका म्हणत. कापडवाल्याने एकदा तक्रार केली, की तुमची खुर्ची आडवी येते, गिऱ्हाईक आत शिरत नाही. मामंजींनी त्याच्या गोऱ्या, मऊ हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "शेठजी, गिऱ्हाईक आलं न्हाई तर दुकान बुडंल. धूप आली न्हाई तर तुम्ही बुडाल." त्या दिवसापासून कापडवाला रोज घटकाभर सदरा काढून पायरीवर बसू लागला. त्याच्या पोटाचा विस्तार बघून गिऱ्हाईक आणखीनच आत शिरेना.

या सगळ्यामागे शास्त्र होतं, आणि ते सांगायची एकही संधी मामंजी सोडत नसत. "चामडीत एक कारखाना आहे," ते सांगत. "वरून धूप पडली की तो चालू. त्यातून व्हिटॅमिन डी निघतं. ते असलं तर खाल्लेल्यातला चुना हाडात बसतो. धूप बंद, कारखाना बंद. मंग हड्डी म्हणजे काय? भिजलेला खडू." व्हिटॅमिन डी हे नाव ते इतक्या आदराने आणि इतक्या वेळा घेत, की सासूबाईंचा फार दिवस वेगळाच समज होता. एकदा त्यांनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ही विटामीन कोण गं? हैदराबादेत दवाखान्यात नर्स-बिर्स होती का?"

'धूप' या शब्दानेही एकदा घोटाळा केला. माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मामंजींनी दारातूनच हुकूम सोडला, "वैनी, पोरीला आन् लेकराला रोज घंटाभर धूप द्या." सासूबाईंना आयुष्यात पहिल्यांदा दिराचं म्हणणं पटलं. त्यांनी त्या दिवसापासून माझ्या खोलीत निखाऱ्यावर इतका ऊद आणि धूप जाळला, की मला माझं मूल दिसेना. मी खोकून बेजार, मूल शिंकून बेजार, आणि मामंजी बाहेर खुर्चीवर समाधानाने मान हलवत, की घरात शेवटी अक्कल आली. आठवड्याने भिंतीच्या फटीतून धूर गल्लीत आला तेव्हा कुठे खुलासा झाला.

मामंजी नेहमी बरोबर असत असं मात्र नाही. एका वैशाखात, दुपारची धूप सगळ्यात कसदार असते हे दाखवायला ते उघड्या डोक्याने गल्लीच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. जालन्याच्या वैशाखात कुत्रीदेखील गिरणीखाली शिरून बसतात. तासाभराने मामंजींना चौघांनी उचलून घरात आणलं. सासूबाईंनी त्यांच्या तळपायांना कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं आणि जोडीला तोंडाचा पट्टा सोडला. शुद्धीवर आल्यावर मामंजी क्षीण आवाजात म्हणाले, "दवा चांगली होती वैनी, डोस जास्ती झाला."

पावसाळ्यात धूप मिळत नसे, तेव्हा ते ट्रंकेतून पिवळ्या तेलाच्या बाटल्या काढत. ते तेल माशाच्या काळजाचं होतं. आमच्या सोवळ्याच्या घरात हे कळलं असतं तर बाटल्यांच्या आधी मामंजी बाहेर गेले असते. ते सांगत, "विलायती एरंडेल आहे." पण मांजरांना कोण फसवणार? मामंजी बाटली खिशात घालून गल्लीतल्या हडकुळ्या पोरांना चमचा चमचा पाजायला निघाले, की अख्ख्या जुन्या जालन्यातली मांजरं शेपट्या वर करून त्यांच्यामागे चालत. सासूबाई म्हणायच्या, "भावजींवर मुक्या जिवांची फार माया आहे." मला वास कळला होता. मी गप्प बसले.

मग माझी मुलगी झाली, शकू. आमचं घर बोळात होतं आणि समोर दुमजली गोदाम, त्यामुळे दारातही ऊन जेमतेम यायचं. बाळंतिणीची खोली तर माजघराच्याही पलीकडे, खिडकी नसलेली. घरातल्या बायका देवळाला किंवा लग्नाला बाहेर पडल्या तर पडल्या. रझाकारांच्या दिवसांत बायकांना आत ठेवायची सवय लागली होती. ते दिवस गेले, सवय राहिली. त्या वर्षी पाऊसही लांबला. मी पहिल्याचं अंगावरचं दूध तोडून वर्ष व्हायच्या आत दुसरीला पाजत होते. हळूहळू माझी कंबर दुखायला लागली, मग मांड्या, मग बरगड्या. कुणी हाताला धरलं तरी हाड दुखे. चालताना मी बदकासारखी दोन्ही बाजूंना झुकायला लागले. शेजारणी म्हणाल्या, बाळंतवात आहे. एक म्हणाली, काम चुकवायची सोंगं आहेत. मलाही रात्रंदिवस वाटायचं, की आपलंच काहीतरी चुकतंय. वैद्यांचे काढे झाले, 'हे' जांब समर्थला जाऊन नारळ ठेवून आले. फरक शून्य.

शकूचंही चांगलं नव्हतं. दहा महिन्यांची झाली तरी बसेना. मान घामाने भिजलेली, पोट पुढे आलेलं, मनगटं सुजल्यासारखी जाड. बायका तिच्याकडे बघून आवाज खाली करत आणि म्हणत, "मुडदूस."

मामंजी माजघरात येत नसत, त्यामुळे त्यांनी मला चालताना पाहिलं नव्हतं. एक दिवस मी ओसरीवर गहू निवडत होते आणि आतून शकू रडली. मी उठायला गेले आणि मला उठता येईना. एक हात जमिनीला, दुसरा गुडघ्याला, मग मांडीला, असं स्वतःच्याच अंगावर चढत मी कशीबशी उभी राहिले. वर पाहिलं तर मामंजी दारात उभे. त्यांच्या हातातला पेपर खाली पडला होता. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते काहीएक विनोद न करता वळले, तेव्हा मला पहिल्यांदा धक्का बसला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सासूबाईंनी बोलावलेली डाग देणारी म्हातारी खेड्यावरून आली. मुडदुसाला पोटावर तापल्या सळईचे डाग द्यायची तेव्हा सर्रास चाल होती. त्यात दुष्टपणा कुणाच्याच मनात नव्हता. सासूबाई स्वतः रडत होत्या. शेगडी पेटली, सळई लाल झाली, शकूला माझ्या मांडीवर उघडी ठेवली. तेवढ्यात मामंजी, जे आयुष्यात कधी माजघराचा उंबरा ओलांडत नसत, ते सरळ आत आले आणि पाण्याचा भरलेला हंडा त्यांनी शेगडीवर पालथा केला. खोलीभर वाफ आणि राख. म्हातारी किंचाळून भिंतीला लागली.

"भावजी, डोकं फिरलं का तुमचं?" सासूबाई ओरडल्या. "लेकरू जाईल माझं!"

"डागून जगलंय का एकतरी?" मामंजी खाली बसले. त्यांनी सासूबाईंचं बोट धरून शकूच्या बरगड्यांवरून फिरवलं. "काय लागतंय?"

"मणी लागतेत," सासूबाई म्हणाल्या.

"लेकराच्या हाडांत चुना न्हाई वैनी. आन् तिच्या आईच्याही न्हाई. सळईनं चुना येतो का?"

"मंग काय तुमच्या उन्हानं येतो? उचकीला ऊन, दाताला ऊन! तुमचं कोण ऐकंल?"

हे खरंच होतं. इतकी वर्षं ज्याला-त्याला उन्हात बसवून मामंजींनी स्वतःच स्वतःचं हसं केलं होतं, आणि नेमकं जिथे त्यांचं म्हणणं खरं होतं तिथे त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ते त्यांनाही त्या क्षणी कळलं असावं. पालथा पडलेला हंडा त्यांनी सरळ करून ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "वैनी, गोदाला तुम्ही पाह्यलं होतं."

गोदा म्हणजे त्यांची बायको. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी हे नाव ऐकलं नव्हतं.

"बाळंतपणात गेली, एवढंच मी सांगितलं होतं सगळ्यांना. मूल अडलं होतं. डाक्टरसाहेबांनी मंग मला बोलवून सांगितलं. कमरेची हड्डी नरम होऊन आत वळली होती, लेकराला वाट राह्यली न्हवती. चार साल ती हैदराबादेतल्या दोन खोल्यांतून बाहेर पडली न्हवती. मीच पडू देत न्हवतो. शहर परकं, बायको जवान. कंबर दुखते म्हणायची. मी म्हणायचो, सगळ्याच बायांची दुखते. दिवसभर लोकांना बाटल्या भरून देत होतो, आन् घरात..." त्यांनी शकूच्या अंगावर दुपटं ओढलं. "मी कंपाउंडर आहे, डाक्टर न्हाई. माझं ऐकू नका. दवाखान्यात चला. पण डागू नका."

सासूबाईंनी डोळे पुसले, म्हातारीच्या ओटीत शेरभर ज्वारी घातली आणि तिला वाटेला लावलं. मग दिराकडे वळून म्हणाल्या, "होळीपर्यंत तुमचं ऐकते. मंग न्हाई."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हा मायलेकींना तपासलं आणि चिठ्ठीवर लिहून दिलं: दूध, माशाचं तेल, ऊन. मामंजींनी ती चिठ्ठी इतकी मिरवली, की आठ दिवसांत तिचे चार तुकडे झाले. फक्त घरी वाचून दाखवताना मधली ओळ ते गाळायचे.

पण सून उन्हात बसणार कुठे? मामंजींनी भुसार दुकानातून फाटकं बारदान आणलं आणि आमच्या माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छपरावर, बांबू रोवून चारी बाजूंनी ते बांधलं. वर आभाळ मोकळं. मला शिडीवरून तिथे चढवणं हा पहिल्या दिवशी तमाशाच झाला. वरून सासूबाई माझे दोन्ही हात ओढत होत्या, खालून 'हे' लाजत लाजत आधार देत होते, मी प्रत्येक पायरीला देवाचं नाव घेत होते, आणि मामंजी भिंतीकडे तोंड करून, मागे न बघता, "शाबास! बिलकुल शाबास! आता डावा पाय!" असं ओरडत होते. तोवर डावा पाय वर जाऊन पोचलेला असायचा.

वर पोचल्यावर दंड उघडे टाकून, लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन मी बसले, तेव्हा लाजेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. कातडीवर थेट ऊन पडायला किती वर्षं झाली होती, मला आठवेना. शकू उघडी, तेलाने माखलेली. आणि सासूबाई हातात काठी घेऊन पहाऱ्याला. त्या पहारा म्हणून वर येऊ लागल्या आणि महिन्याभरात भराभर शिडी चढायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखायचे थांबले होते. कबूल मात्र केलं नाही. म्हणायच्या, "कुरडया राखायला येते."

हळूहळू गल्लीतल्या इतर बायकाही यायला लागल्या. कुणी पापड वाळवायला, कुणी लेकराला तेल लावायला. पलीकडची पिंजाऱ्याची सून यायची, बुरखा घडी करून बाजूला ठेवायची आणि केस मोकळे सोडायची. खाली शिडीशी मामंजी खुर्ची टाकून बसत, कुणी पुरुष वर जाऊ नये म्हणून. शिडी बोळाच्या बाजूला होती. तिथे दिवसभर सावली. कापडवाला ओरडायचा, "मामंजी, आज टाइम किती झाला, कळंना आम्हाला!"

दोन महिने काहीच फरक पडला नाही. मला वाटायचं, मामंजी वेडे आहेत आणि आपण त्यांच्याहून वेड्या. मग एक दिवस दुधाला उकळी आली म्हणून मी पाटावरून उठून धावले, दूध उतरवलं, आणि चुलीपाशी उभी राहिल्यावर लक्षात आलं, की मी हात टेकला नव्हता. मी तिथेच रडायला लागले. सासूबाईंना वाटलं दूध सांडलं.

शकूचं मात्र होळी आली तरी तसंच. होळी पेटली, पोळ्या झाल्या, धुळवड झाली. मामंजी दोन दिवस कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच सासूबाईंपुढे उभे राहिले. "वैनी, होळी झाली."

"झाली का?" सासूबाई गव्हातला खडा शोधत म्हणाल्या. "मला काई कळलं न्हाई बाई. चला, ऊन वर आलं, लेकराला घेऊन येते."

पाडव्यानंतर एका सकाळी शकू माळवदावर आपली आपण बसली. बसली, डुलली, आडवी झाली, पुन्हा बसली. वर बायकांनी एवढा गलका केला, की कुणीतरी पडलं असं समजून मामंजी खालून "कोण गेलं? कोण गेलं?" म्हणून ओरडायला लागले. दोन वर्षांची होता होता ती चालली. तिचे पाय किंचित बाहेर वाकलेले राहिले, ते आजही आहेत. त्याच पायांनी ती पुढे माळवदाच्या शिडीवरून दिवसातून वीस वेळा चढउतार करायची, आणि मामंजींना तिला अडवणं कधी जमलं नाही.

पुढे सहा-सात थंड्या गेल्या. शेवटच्या थंडीत मामंजींचं अंग फार उतरलं. खुर्चीवर बसवत नसे, खोलीतच पडून राहत. एक दिवस सासूबाईंनी फर्मान काढलं, की यांना वर न्या. 'ह्यां'नी त्यांना पाठंगुळी घेतलं आणि कापडवाल्याच्या भावाने मागून आधार देत माळवदावर नेलं. बायकांनी लगबगीने पदर सारखे केले आणि त्यांच्यासाठी मधोमध घोंगडी अंथरली. ते बारदान त्यांनीच बांधलं होतं, दरसाल तेच बदलत होते, पण बायका वर असताना ते आत कधी आले नव्हते. पडल्या पडल्या ते सगळीकडे बघत राहिले. पिंजाऱ्याची सून लेकीच्या पायांना तेल चोळत होती. कुणी डाळ निवडत होतं, कुणी पाय पसरून नुसतंच बसलं होतं.

"हितं रोज एवढं हसता कशाला तुम्ही?" त्यांनी विचारलं. "मला खाली सगळं ऐकू यायचं. कळायचं न्हाई."

"तुम्हालाच हसत होतो," सासूबाई म्हणाल्या.

"बराबर," मामंजी म्हणाले. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने, आम्हाला ऐकू जावं म्हणून नव्हे, असं पुटपुटले, "गोदा पण लई हसायची."

मामंजींच्या पायांवर बारदानाची सावली सरकत आली होती. सासूबाई उठल्या, घोंगडीचं टोक धरलं, आणि मला दुसरं टोक धरायला खुणावलं. आम्ही दोघींनी मिळून त्यांना हळूच उन्हात ओढून घेतलं.